झाकली मूठ

डेट्रॉईट शहरात, जेफरसन आणि वुडवर्ड हे दोन मोठे रस्ते जिथे एकमेकांना मिळतात तिथे, चार तिरप्या खांबांच्या मनोऱ्यातून पोलादी दोरांनी एक हात टांगलेला आहे. ब्राँझचा हा हात चोवीस फूट लांब आहे आणि त्याचा शेवट घट्ट आवळलेल्या मुठीत होतो. या शहराच्या उपनगरात राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी तो गाडीच्या काचेतून पाहिला आणि मला तो आवडला नाही. येणाऱ्याजाणाऱ्यावर कुणीतरी हात उगारला आहे असे वाटले. पुढे हिवाळ्यातल्या एका रविवारी, रस्ते रिकामे असताना, मी मुद्दाम त्याच्या खाली जाऊन उभा राहिलो. जवळून पाहिल्यावर कळले की तो उगारलेला नाही, जमिनीला समांतर आहे, आणि दोरांच्या ताणावर जागच्या जागी थांबलेला आहे. आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. या मुठीवर हातमोजा नाही. ज्या माणसाने हातमोजे घालून जग जिंकले, त्याचे स्मारक उघड्या मुठीचे आहे.

हे मुष्टियोद्धा जो लुईचे स्मारक. रॉबर्ट ग्रॅहम या शिल्पकाराने ते घडवले आणि १९८६ साली, लुईच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, ते इथे उभे राहिले. त्या हिवाळ्यात मी लुईविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि दर वेळी वाचता वाचता दुसऱ्याच एका माणसापाशी येऊन थांबू लागलो. तो मुष्टियोद्धा नव्हता, बेसबॉल खेळायचा. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन. या दोघांची चरित्रे वेगवेगळी लिहिली जातात, पण मला ती आता वेगळी वाचता येत नाहीत.

जो लुई बॅरो १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यात, लाफाएट गावाजवळ जन्मला. घरात आठ भावंडे, त्यातला हा सातवा. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले तेव्हा जो अगदी लहान होता. आई लिली हिने पुढे दुसरे लग्न केले आणि १९२६ साली सगळे कुटुंब डेट्रॉईटला आले, कारण दक्षिणेतल्या हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांप्रमाणे त्यांनाही मोटारींच्या कारखान्यांनी ओढून आणले होते. मुलाने व्हायोलिन शिकावे अशी आईची इच्छा होती. शिकवणीसाठी ती देत असलेले पैसे मुलगा ब्रूस्टर केंद्रातल्या मुष्टियुद्धाच्या तालमीत भरू लागला, आणि हातमोजे व्हायोलिनच्या पेटीतून नेत असे असे सांगतात. मला या गोष्टीतली आई विसरता येत नाही. कापसाच्या शेतातून आलेली, परक्या शहरात घर चालवणारी ती बाई मुलाच्या हातात व्हायोलिन देऊ पाहत होती; आपल्या मुलाचा हात कोणत्या कामासाठी आहे याविषयी तिची स्वतःची एक कल्पना होती.

१९३४ साली लुई हौशी स्पर्धांमधून व्यावसायिक मुष्टियुद्धात आला. जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक हे त्याचे व्यवस्थापक आणि जॅक ब्लॅकबर्न हा प्रशिक्षक, असे तिघेही कृष्णवर्णीय होते, आणि तिघांनाही एका माणसाच्या सावलीची भीती होती. जॅक जॉन्सन १९०८ ते १९१५ या काळात जगज्जेता होता. तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता. हरलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसणारा, भरधाव मोटारी चालवणारा, गोऱ्या स्त्रियांशी उघडपणे लग्न करणारा. १९१० मध्ये त्याने जेफ्रीज या गोऱ्या मुष्टियोद्ध्याला हरवले तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या आणि त्यांत माणसे मेली. जॉन्सनने किताब गमावल्यानंतर बावीस वर्षे कोणत्याही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला त्या किताबासाठी लढूच दिले गेले नाही. म्हणून रॉक्सबरोने लुईला नियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घ्यायचे नाही. रात्रीच्या क्लबात एकट्याने जायचे नाही. ठरवून केलेली लढत खेळायची नाही. खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे आनंद दाखवायचा नाही. कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नाही.

त्या काळातली लुईची छायाचित्रे पाहिली की हा शेवटचा नियम किती पाळला गेला ते कळते. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा आपल्याहून कितीतरी उंच आणि वजनदार प्रिमो कार्नेराला यँकी स्टेडियममध्ये खाली पाडतो, आणि वळून जातो तेव्हा चेहरा कोरा असतो. गोऱ्या वार्ताहरांनी त्या कोऱ्या चेहऱ्याला मंदपणा म्हटले, झोपाळू म्हटले. मला तो चेहरा एखाद्या बांधलेल्या धरणासारखा वाटतो. मागे किती पाणी आहे हे भिंतीकडे पाहून कळत नाही.

१९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत गारद केले. डाव्या हाताने ठोसा मारून झाल्यावर लुई तो हात खाली सोडतो, हे श्मेलिंगने नीट पाहून ठेवले होते. लुई १९३७ साली ब्रॅडॉकला हरवून जगज्जेता झाला, तरी श्मेलिंगला हरवेपर्यंत मला जगज्जेता म्हणू नका असे तो सांगत राहिला. २२ जून १९३८ च्या रात्री यँकी स्टेडियममध्ये सत्तर हजार माणसांसमोर दोघे पुन्हा उभे राहिले. तोवर ही लढत दोन माणसांची उरलीच नव्हती; हिटलरच्या राजवटीने श्मेलिंगला आपल्या वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा बनवले होते आणि अमेरिकेने लुईला आपल्या लोकशाहीचा. लढत दोन मिनिटे चार सेकंद चालली. श्मेलिंग तीनदा कोसळला. त्या रात्री हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, माणसे पहाटेपर्यंत रस्त्यावर नाचत होती. ज्या देशाची शान राखल्याबद्दल त्याचे कौतुक झाले, त्याच देशाच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तो गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसून जेवू शकत नव्हता.

जानेवारी १९४२ मध्ये लुईने बडी बेअरविरुद्ध किताब राखला आणि लढतीचे आपले मानधन नौदलाच्या मदतनिधीला दिले. त्या वेळी नौदलात कृष्णवर्णीयांना स्वयंपाकघरात आणि वाढप्याच्या कामावरच घेतले जात होते, त्यामुळे त्याच्यावर स्वकीयांनीही टीका केली. लढतीनंतर लगेच तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला, आणि मार्चमध्ये एब सायमनविरुद्धच्या लढतीचे मानधन त्याने सैन्याच्या मदतनिधीला दिले.

कॅन्ससमधल्या फोर्ट रायली या लष्करी तळावर त्याची जॅकी रॉबिन्सनशी गाठ पडली. रॉबिन्सन लुईपेक्षा पावणेपाच वर्षांनी लहान. जॉर्जियात जन्मलेला, पण कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात आईने एकटीने वाढवलेला. त्याचा थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये दोनशे मीटर धावण्यात जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला होता, आणि रौप्यपदक घेऊन परतल्यावर त्याला पॅसाडीनात रस्ते झाडण्याचे काम मिळाले. ऑलिम्पिकचे जाकीट घालून तो झाडायचा. हे डोळ्यांनी पाहिलेल्या धाकट्या भावाला कोऱ्या चेहऱ्याचा नियम कुणी शिकवला नव्हता, आणि शिकवला असता तरी तो त्याला जमण्यासारखा नव्हता. विद्यापीठात त्याने फुटबॉल, बास्केटबॉल, मैदानी खेळ आणि बेसबॉल या चारही प्रकारांत प्रतिनिधित्व केले. चारांत त्याचा बेसबॉल सर्वांत कच्चा होता.

रॉबिन्सनने आणि आणखी काही कृष्णवर्णीय जवानांनी अधिकारी प्रशिक्षण शाळेसाठी अर्ज केले होते. कागदोपत्री ती शाळा त्यांना खुली होती. प्रत्यक्षात अर्ज महिनोन्महिने पडून राहत. रॉबिन्सनने हे लुईच्या कानावर घातले. लुईने आरडाओरडा केला नाही, वर्तमानपत्रांना बोलावले नाही. त्याने युद्धमंत्रालयात काम करणाऱ्या ट्रुमन गिब्सन या कृष्णवर्णीय वकिलाला निरोप धाडला. गिब्सन फोर्ट रायलीला आला, चौकशी झाली आणि अर्ज हलले. जानेवारी १९४३ मध्ये जॅकी रॉबिन्सन सेकंड लेफ्टनंट झाला. लुईने आयुष्यात मारलेल्या सगळ्या ठोशांपेक्षा हा एक निरोप मला मोठा वाटतो. इतकी वर्षे कोरा चेहरा ठेवून जी पत त्याने जमवली होती, ती त्याने इथे दुसऱ्यासाठी खर्च केली. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या माणसाने मूठ झाकून ठेवली ती आत काही नव्हते म्हणून नव्हे.

पुढची घटना बहुतेक चरित्रांत एखाद्या ओळीत उरकली जाते, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. १९४४ च्या वसंतात लुई आणि मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन अलाबामातल्या कॅम्प सायबर्ट या तळावर होते. बसथांब्यावर गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगवेगळ्या जागा होत्या. लष्करी पोलिसाने दोघांना त्यांच्या जागेत जाण्यास सांगितले, त्यांनी नकार दिला आणि त्यांना ताब्यात घेण्यात आले. जगज्जेत्याला बसथांब्यावर अटक झाल्याची बातमी दडवणे सैन्याला शक्य नव्हते. त्यानंतर लष्करी तळांवर चालणाऱ्या बसगाड्यांत वर्णावरून जागा ठरवण्यास बंदी करणारा हुकूम निघाला.

त्याच वर्षी ६ जुलैला, टेक्ससमधल्या कॅम्प हूड तळावर, लेफ्टनंट रॉबिन्सन एका बसमध्ये चढला आणि आपल्या एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशेजारी मधल्या बाकावर बसला. ती वर्णाने उजळ होती, ड्रायव्हरला गोरी वाटली असावी. मागे जाऊन बस, असे ड्रायव्हरने फर्मावले. रॉबिन्सन उठला नाही. अलाबामातला प्रकार आणि त्यानंतर निघालेला हुकूम आपल्याला ठाऊक होता, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. म्हणजे तो ज्या बाकावर बसून राहिला, तो बाक त्याच्यासाठी लुईने आधी मोकळा करून ठेवला होता. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेरचा बर्फ पाहत बसलो होतो.

रॉबिन्सनवर कोर्ट मार्शल झाले. त्याच्या रणगाडा तुकडीचे कमांडर कर्नल पॉल बेट्स यांनी आरोपपत्रावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा त्याची बदली दुसऱ्या तुकडीत करून तिथल्या कमांडरची सही घेण्यात आली. बसमधल्या बाकाचा आरोप आता टिकणारा नव्हता, म्हणून तो गळून पडला आणि उरला तो वरिष्ठांशी उद्धटपणे वागल्याचा. २ ऑगस्ट १९४४ रोजी नऊ अधिकाऱ्यांच्या न्यायासनाने त्याला निर्दोष सोडले. दरम्यान त्याची मूळची ७६१ वी तुकडी युरोपच्या वाटेवर निघाली होती. त्या तुकडीने जनरल पॅटनच्या सैन्यात राहून पुढे कित्येक महिने सलग लढाई केली. रॉबिन्सन मागे राहिला आणि नोव्हेंबरमध्ये सन्मानाने सैन्यातून मुक्त झाला. लुईने मिळवून दिलेल्या त्या पदामुळे तो बसमध्ये लेफ्टनंट म्हणून बसला, लुईमुळे निघालेल्या हुकुमामुळे निर्दोष सुटण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि त्या खटल्यामुळे तो १९४५ च्या वसंतात कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघात बेसबॉल खेळण्यासाठी मायदेशी हजर होता.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला आपल्या कचेरीत बोलावले. मोठ्या साखळीतल्या बेसबॉलमध्ये १८८० च्या दशकानंतर एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नव्हता. कुठे लिहिलेला नियम नव्हता, पण पाळला मात्र काटेकोर जात होता. रिकींनी तीन तास त्याच्यासमोर नाना सोंगे वठवली. खोली नाकारणारा हॉटेलातला कारकून, शिव्या देणारा खेळाडू, अंगावर धावून येणारा प्रेक्षक. रॉबिन्सनने विचारले की तुम्हाला उलटून मारायला घाबरणारा माणूस हवा आहे का. उलटून न मारण्याइतकी हिंमत असलेला माणूस मला हवा आहे, असे उत्तर रिकींनी दिले. हे उत्तर अमेरिकेत फार कौतुकाने सांगितले जाते, आणि त्यात सत्य आहे हेही मी नाकारत नाही. पण मला ते ऐकताना दर वेळी रॉक्सबरोचे नियम आठवतात. एकाला ठोसे मारण्याचे पैसे मिळत होते आणि हसण्याची मनाई होती, दुसऱ्याला ठोसा मारण्याचीच मनाई होती, आणि दोघांनाही आपल्या अपमानाचे काय करायचे ते दुसऱ्याने ठरवून दिले होते.

मराठी वाचकाला इथे दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या फिरकीवर सामने जिंकणारे सवंगडी चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा देत. चेंडू सगळे एकच हाताळत, कप मात्र वेगळा.

१५ एप्रिल १९४७ रोजी एबेट्स फील्डवर रॉबिन्सन डॉजर्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाली नाही. त्याच महिन्यात फिलाडेल्फिया फिलीज संघ ब्रुकलिनला आला आणि त्यांचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू आपल्या बाकावरून त्याला अशा शिव्या देत राहिले की बॅट टाकून त्या बाकाकडे चालत जावे आणि सगळे संपवून टाकावे, असे आपल्या मनात आले होते, असे रॉबिन्सनने लिहिले आहे. तो गेला नाही. वर्तमानपत्रांतून चॅपमनवर टीकेची झोड उठली, तेव्हा प्रकरण मिटवण्यासाठी मे महिन्यात फिलाडेल्फियात दोघांचे एकत्र छायाचित्र काढायचे ठरले.

ते छायाचित्र आजही पाहायला मिळते. दोघे शेजारी उभे आहेत आणि हस्तांदोलन करत नाहीत. दोघांनी मिळून एक बॅट धरली आहे. चार बोटांचे अंतर राखून दोन माणसांचे हात एका लाकडाला चिकटलेले आहेत, आणि हाताला हात लागू नये यासाठी कुणीतरी शोधलेली ही युक्ती त्या लाकडाच्या लांबीइतकी स्पष्ट दिसते. त्या माणसाबरोबर छायाचित्र काढून घेणे हे आपल्याला सर्वांत जड गेलेल्या गोष्टींपैकी एक होते, असे रॉबिन्सनने म्हटले आहे. मी त्याच्या हाताकडे पुन्हा पुन्हा पाहतो. बॅट धरण्याची सवय असलेल्या त्या हाताला तेव्हा ती किती वेगळी लागली असेल.

त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. पिचर त्याच्या अंगावर चेंडू टाकत, धावत येणारे खेळाडू बुटांच्या धारदार खिळ्यांनी त्याचा पाय चिरत, आणि तो उठून पुन्हा आपल्या जागी उभा राही. १९४९ पासून मात्र त्याने रिकींना दिलेला शब्द पुरा झाला असे मानले. तो पंचांशी वाद घालू लागला, बोलू लागला, आणि त्याच मोसमात फलंदाजीतल्या ०.३४२ च्या सरासरीने नॅशनल लीग या मोठ्या साखळीच्या विभागाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्यांनी त्याच्या सोशिकपणाचे गोडवे गायले होते, त्यातल्या अनेकांना आता तो उर्मट वाटू लागला.

जो लुईच्या वाट्याला तशी मोकळीक कधी आली नाही. पंचवीस वेळा किताब राखून, पावणेबारा वर्षे जगज्जेता राहून तो १९४९ मध्ये निवृत्त झाला, आणि कराच्या थकबाकीमुळे लगेच पुन्हा रिंगणात उतरला. व्यवस्थापकांनी हिशोब ढिसाळ ठेवले होते, त्याचा स्वतःचा हात सढळ होता, हे खरेच आहे. तरीही युद्धकाळात ज्या दोन लढतींचे मानधन त्याने नौदलाला आणि सैन्याला देऊन टाकले, ते पैसेही सरकारने त्याचे उत्पन्न धरले, हे मला आजही सहन होत नाही. १९५१ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला दोरांच्या बाहेर पाडले. मार्सियानो नंतर त्याच्या खोलीत जाऊन रडला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थकबाकी दहा लाख डॉलर्सच्या वर गेली होती. लुईने कुस्तीचे खेळ केले, आणि अखेरची वर्षे लास व्हेगासमधल्या एका कॅसिनोत येणाऱ्या पाहुण्यांशी हस्तांदोलन करण्याची नोकरी केली. १२ एप्रिल १९८१ रोजी तो गेला. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळण्याच्या अटींत तो बसत नव्हता, म्हणून राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्या अटी शिथिल केल्या. अंत्यविधीचा काही खर्च मॅक्स श्मेलिंगने दिला. नाझी राजवटीने मिरवलेल्या याच श्मेलिंगने १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये दोन ज्यू मुलांना आपल्या हॉटेलातल्या खोलीत लपवून ठेवले होते, आणि युद्धानंतर तो लुईला शोधत अमेरिकेत आला होता.

रॉबिन्सन त्याच्या साडेआठ वर्षे आधी गेला. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, सिनसिनाटीत, बेसबॉलच्या जागतिक मालिकेच्या दुसऱ्या सामन्याआधी त्याच्या पदार्पणाला पंचवीस वर्षे झाल्याबद्दल त्याचा सत्कार झाला. त्रेपन्न वर्षांचा होता, केस पांढरे झाले होते, मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेली होती. आभार मानून झाल्यावर त्याने ध्वनिक्षेपकात सांगितले की एक दिवस तिसऱ्या बेसच्या रेषेकडे पाहिल्यावर तिथे संघाची सूत्रे सांभाळणारा कृष्णवर्णीय चेहरा दिसेल, तेव्हा मला याहून फार अधिक आनंद आणि अभिमान वाटेल. नऊ दिवसांनी तो वारला.

माझ्या घरापासून गाडीने साधारण तीन तासांवर, ईरी सरोवराच्या काठावर क्लीव्हलँड आहे. तिथे ८ एप्रिल १९७५ रोजी फ्रँक रॉबिन्सन, नाव सारखे पण नात्यातला नव्हे, मोठ्या साखळीतला पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक म्हणून आपला संघ घेऊन उतरला. तो स्वतः खेळतही होता, आणि त्या दिवशी पहिल्याच फलंदाजीला त्याने चेंडू कुंपणापार धाडला. सामना सुरू करून देणारा पहिला चेंडू जॅकीची पत्नी रेचेल हिने टाकला होता.